धर्मगुरूंचे प्रशिक्षण आणि दानधर्म : अहमदनगर जिल्ह्यातील कॅथलिक मिशनच्या संदर्भात

प्रस्तावना

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील ख्रिस्ती मिशनकार्याची चर्चा प्रामुख्याने शाळा, दवाखाने, धर्मांतर व दुष्काळी मदत या अंगांनी होते. धर्मगुरू घडविण्याचा खर्च कोणी उचलला, हा प्रश्न त्या मानाने मागे पडतो. वस्तुतः चर्चची सूत्रे स्थानिकांच्या हाती केव्हा येतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी याच प्रश्नात दडलेले आहे. प्रस्तुत लेखात त्याचा संक्षिप्त विचार केला आहे.

दानाच्या दोन परंपरा

तेराव्या शतकात उदयास आलेल्या फ्रान्सिस्कन व डॉमिनिकन या भिक्षुसंघांनी जमीनजुमल्याऐवजी भिक्षेवर निर्वाह करण्याचे व्रत घेतले. त्यांच्या तरुण बंधूंचे विद्यापीठीय शिक्षणही श्रद्धावंतांच्या ऐच्छिक दानावर उभे राहिले. गोव्यातील परंपरा निराळी होती. तेथे १५४१ मध्ये स्थानिक तरुणांच्या प्रशिक्षणासाठी जी संस्था निघाली, तिला मंदिरांच्या जमिनींचे उत्पन्न राज्यसत्तेच्या दबावाने वळवून देण्यात आले. हे दान नव्हे, तर सत्तेने केलेली तरतूद होती. धर्मशिक्षणाच्या अर्थकारणाचा विचार करताना हा भेद नजरेआड करता येत नाही.

अहमदनगरमधील परिस्थिती

अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र १८३१ पासून होते. अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन यांनी १८५४-५५ मध्ये भारताचा दौरा केला. चर्च स्वावलंबी व्हावे आणि त्याची धुरा स्थानिक पाळकांनी वाहावी, असा त्यांचा आग्रह होता. मराठीतून शिकलेला, कुटुंबवत्सल पाळक गावातच राहून काम करू शके.

कॅथलिक मिशनची अडचण याहून वेगळी होती. १८८६ मध्ये पुणे धर्मप्रांत स्थापन झाला आणि जर्मन भाषक येशूसंघीयांचे कार्य संगमनेर, राहाता, केंदळ या भागांत विस्तारले. कॅथलिक धर्मगुरूस लॅटिन, तत्त्वज्ञान व ईश्वरविद्या यांचे निवासी शिक्षण अनेक वर्षे घ्यावे लागे. बहुतांश नवख्रिस्ती कुटुंबे तर भूमिहीन वा अल्पभूधारक दलितांची होती. कमावत्या वयाचा मुलगा घराबाहेर पाठविणे हेच त्यांच्या दृष्टीने मोठे दान होते. शिक्षणाचा उरलेला भार बाहेरून येणाऱ्या मदतीवाचून पेलणे अशक्यप्राय होते.

संघटित साहाय्य

या गरजेला जागतिक पातळीवर उत्तर मिळाले ते फ्रान्समधील कां शहरात. पैशाअभावी विद्यार्थी परत पाठवावे लागतील, असे नागासाकीचे बिशप कूझँ यांनी कळविले, तेव्हा स्तेफनी व जान बिगार या मायलेकींनी १८८९ मध्ये संत पीटर यांच्या नावे साहाय्यकार्य सुरू केले. १९२२ मध्ये त्याला पोपप्रणीत संस्थेचा दर्जा मिळाला. दात्याने एका विद्यार्थ्याचा खर्च उचलावा किंवा कायम निधी ठेवून त्याच्या व्याजातून एक जागा चालवावी, अशी ही पद्धत होती. कायम निधीचा लाभ असा की विद्यार्थ्याने मार्ग सोडला तरी जागा टिकून राही. मात्र महागाईबरोबर व्याजाचे मोल घटत जाई. पोप तेरावे लिओ यांनी १८९३ मध्ये भारतीय धर्मगुरूंच्या प्रशिक्षणाचा पुरस्कार केला व त्यासाठी युरोपातील श्रद्धावंतांना औदार्याचे आवाहन केले. त्यातून कँडी येथे पेपल सेमिनरी उभी राहिली आणि १९५५ मध्ये ती पुण्यास आली.

महायुद्धाचा धडा

परकीय मनुष्यबळावरील अवलंबित्वाचा धोका पहिल्या महायुद्धात उघड झाला. जर्मन येशूसंघीयांना स्थानबद्धता व हद्दपारीस तोंड द्यावे लागले. ब्रिटिशांची मोठी बंदिछावणी अहमदनगरमध्येच होती, हाही एक योगायोगच. मिशनरी गेले तरी मंडळ्या येथेच होत्या. १९१९ मध्ये पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी स्थानिक धर्मगुरू दुय्यम साहाय्यक न राहता नेतृत्वास समर्थ व्हावेत, असे प्रतिपादन केले. १९८७ मध्ये अहमदनगरचा समावेश असलेला नाशिक धर्मप्रांत निर्माण झाला आणि थॉमस भालेराव हे मराठी येशूसंघीय त्याचे पहिले बिशप झाले. त्यामागे या दीर्घ प्रक्रियेची पार्श्वभूमी आहे.

उत्तरदायित्व

१९८३ च्या चर्च कायद्याने सेमिनरीच्या निर्वाहाची जबाबदारी बिशपवर टाकली असून विशिष्ट हेतूने दिलेले दान त्याच हेतूसाठी वापरण्याचे बंधन घातले आहे. भारतात १९७६ पासून विदेशी देणग्यांवर कायदेशीर नियंत्रण आले; २०१० च्या कायद्याने व २०२० च्या दुरुस्तीने ते अधिक कडक झाले. त्यामुळे स्थानिक दानाचे महत्त्व वाढले. या जिल्ह्याला सामुदायिक अर्पणाची सवय नाही, असे म्हणता येणार नाही. १९४९ पासून भरणारी हरेगावची मतमाउली यात्रा त्याची साक्ष देते. प्रश्न आहे तो नवसाच्या प्रसंगी दिसणारे औदार्य दीर्घकालीन शिक्षणाकडे वळविण्याचा.

निष्कर्ष

बाहेरच्या दानाने अहमदनगरसारख्या दरिद्री भागातील तरुणांना उच्च धर्मशिक्षणाचे दार उघडले, हे मान्य करावे लागते. तथापि जो खर्च करतो, तो अग्रक्रमही ठरवितो. म्हणून स्थानिक धर्मगुरू आणि स्थानिक आर्थिक आधार या एकाच स्वावलंबनाच्या दोन बाजू ठरतात. पहिली बाजू या जिल्ह्यात बऱ्याच अंशी साध्य झाली आहे. दुसरीची कसोटी अद्याप संपलेली नाही.