वकील फोन उचलत नाहीत

घटस्फोटाची केस चार वर्षं चालू आहे, वकीलसाहेब फोन उचलत नाहीत, मेसेजखाली दोन निळ्या खुणा दिसतात पण उत्तर नाही. असं सांगणारं कुणी ना कुणी प्रत्येकाच्या ओळखीत असतं. गंमत अशी (खरं तर गंमत नाहीच) की कुटुंब न्यायालयाचा कायदा करताना वकिलाला बाजूला ठेवायचंच ठरलं होतं.

थोडं मागे जाऊ. आपल्याकडे बऱ्याच जातींत काडीमोड पूर्वीपासून होता. पंचांसमोर प्रकरण मिटायचं. त्यात बाईवर अन्याय व्हायचा, दंड बसायचा, त्यामुळे ते दिवस बरे होते असं मी म्हणणार नाही. पांढरपेशा घरांत तर ही वाटही नव्हती. १९३१ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा आला, १९४७ मध्ये मुंबई प्रांतात आणि १९५५ मध्ये देशभर. रूढीने होणारा काडीमोड या कायद्यानेही मान्य ठेवला. बाकीच्यांसाठी मात्र कोर्ट आलं, आणि कोर्टामागोमाग वकीलपत्र, कैफियत, तारीख.

हे लांबतंय हे सरकारलाही दिसत होतं. १९७६ च्या दुरुस्तीने परस्पर संमतीचा घटस्फोट आला आणि कलम २१ब सुद्धा: नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांत केस संपवण्याचा प्रयत्न करावा. ‘प्रयत्न’ हा शब्द लक्षात ठेवा. सगळी पळवाट त्यातच आहे.

मग १९८४ चा कुटुंब न्यायालय कायदा. त्याचं कलम १३ म्हणतं की वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क नाही. नवरा-बायकोने स्वतः बोलावं, समुपदेशक असावेत, न्यायाधीशांनी ऐकावं, अशी कल्पना. १९८९ मध्ये पुणे आणि मुंबईत ही न्यायालयं सुरू झाली. पण पोटगी, मुलांचा ताबा, उलटतपासणी हे सगळं एकटीने कसं करायचं? लोक परवानगीचा अर्ज देऊ लागले, कोर्ट परवानगी देऊ लागलं, आणि वकील मागच्या दाराने परत आले. म्हणजे वकिलाशिवाय चालावं म्हणून काढलेल्या कोर्टातही माणूस वकिलाच्या फोनची वाट बघत बसला!

अशा पक्षकाराच्या हातात काय उरतं? बरंच काही, पण कुणी सांगत नाही. पुढची तारीख आणि आजवरचे आदेश ई-कोर्ट्सच्या साइटवर केसच्या सीएनआर नंबरने दिसतात, त्यासाठी वकील लागत नाही. कागदांच्या प्रमाणित प्रती स्वतः अर्ज करून मिळतात. वकील बदलताही येतो. जुन्याने ना-हरकत दिली नाही तर कोर्टाकडे परवानगी मागायची. ‘फी दे, मग फाइल देतो’ हे चालत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलंय की फीसाठी पक्षकाराचे कागद अडवणं हे गैरवर्तन आहे. त्याची तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे होते. ग्राहक कोर्टाचा रस्ता मात्र मे २०२४ च्या निकालाने बंद झाला.

आणि वकील आलेच नाहीत म्हणून केस काढून टाकली तर? १९८१ मध्ये एका खेडुताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला नको, आणि त्याचं अपील पुन्हा ऐकायला लावलं. प्रत्येकाला हा आधार मिळतोच असं नाही. तारखेला आपण स्वतः हजर होतो का, हेही कोर्ट बघतं.