डेंग्यू : प्लेटलेटइतकेच लघवीकडेही लक्ष हवे

डेंग्यूचा रुग्ण रुग्णालयात दाखल झाला, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, ‘प्लेटलेट किती?’ सकाळचा आकडा आणि संध्याकाळचा आकडा यांची घरोघरी तुलना होते. रुग्णाने सकाळपासून किती वेळा लघवी केली आणि तिचा रंग कसा होता, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. वस्तुतः डेंग्यूत मूत्रपिंडांना व स्नायूंना होणाऱ्या इजेचा सुगावा या दोन साध्या प्रश्नांतूनच लवकर लागू शकतो आणि त्यासाठी प्रयोगशाळेचीही गरज नसते.

डेंग्यूचा विषाणू चार उपप्रकारांचा असून तो एडिस डासाच्या मादीमार्फत पसरतो. बहुसंख्य रुग्ण आठवडाभरात बरे होतात. मूत्रपिंडांची इजा थोड्या रुग्णांतच आढळते. परंतु ज्यांच्यात ती आढळते त्यांचा आजार बहुधा गंभीर असतो आणि जिवाचा धोकाही वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये डेंग्यूचे नवे वर्गीकरण केले. त्यात रक्तस्राव आणि रक्तद्रवाची गळती यांच्या जोडीने महत्त्वाच्या अवयवांवरील गंभीर परिणामही ‘तीव्र डेंग्यू’चा निकष मानला गेला.

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात या विषयाला एक वेगळी बाजू आहे. कमी पावसाच्या या भागात पाणी साठवून ठेवणे ही सवय नव्हे, निकड आहे. नळाला रोज पाणी येत नसेल, तर बॅरल, रांजण, हौद भरून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते आणि एडिसला असेच स्वच्छ, साठलेले पाणी लागते. त्यामुळे येथे डेंग्यू केवळ पावसाळ्याचा आजार राहत नाही. त्यातच पावसाळ्यानंतरचा डेंग्यूचा हंगाम आणि सोयाबीनची काढणी एकाच सुमारास येतात. अंगात ताप असताना वेदनाशामक गोळी घेऊन शेतमजूर काढणीला जातो. उन्हात घाम गाळतो, पाणी कमी पितो. मूत्रपिंडांच्या दृष्टीने याहून वाईट योग नाही.

मूत्रपिंडे का बिघडतात?

सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे रक्तद्रवाची गळती. आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, बहुधा ताप उतरतानाच, सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागतो. तो छातीच्या व पोटाच्या पोकळीत साठतो, रक्त घट्ट होते, रक्तदाब उतरतो आणि मूत्रपिंडांना पुरेसे रक्त मिळत नाही. ‘ताप गेला, आता बरे वाटेल’ असे घरच्यांना वाटते, तोच हा धोक्याचा काळ असतो. तो साधारणतः २४ ते ४८ तास टिकतो. याखेरीज विषाणूविरुद्धच्या प्रतिकारप्रक्रियेमुळे मूत्रपिंडातील गाळण्यांना सूज येऊन लघवीत प्रथिने व रक्तपेशी उतरू शकतात. क्वचित रक्तपेशी फुटल्यानेही इजा होते. चौथे कारण स्नायूंचे असून त्याचा विचार थोडा विस्ताराने करावा लागेल.

स्नायूंचे विघटन

डेंग्यूला ‘हाडमोड्या ताप’ म्हणतात. अंगदुखी हे त्याचे ओळखीचे लक्षण असल्याने स्नायूंच्या तक्रारीकडे दुर्लक्ष होणे स्वाभाविक आहे. काही रुग्णांत मात्र स्नायूपेशी प्रत्यक्ष फुटतात. या अवस्थेला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. फुटलेल्या पेशींतील मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात येते, मूत्रपिंडांतील सूक्ष्म नलिकांत अडकते व त्यांना इजा करते. शरीरात पाणी कमी असेल, तर ही इजा अधिक होते. लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद होते.

स्नायू आणि मूत्रपिंड यांचा हा संबंध वैद्यकाला प्रथम ठळकपणे दिसला तो युद्धात. लंडनवरील बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली अडकलेले लोक जिवंत बाहेर काढल्यावरही काही दिवसांत मूत्रपिंडे निकामी होऊन दगावत. बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी १९४१ मध्ये त्याचे वर्णन केले. पुढे मोठ्या भूकंपांनंतरही हेच दिसून आले. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप सोसलेल्या किल्लारी-सास्तूर परिसरातील वाचकांना ढिगारा म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. डेंग्यूत स्नायूंवर कोणतेही ओझे पडलेले नसते. पेशी फुटल्यानंतरची प्रक्रिया मात्र तीच असते.

निदानासाठी रक्तातील क्रिएटिन कायनेज (सीपीके) तपासतात. डेंग्यूत तो थोडाफार वाढणे नेहमीचे आहे. नेहमीच्या कमाल मर्यादेच्या पाचपटींहून अधिक वाढल्यास रॅब्डोमायोलिसिस समजतात. पाच हजार युनिटांच्या पुढे मूत्रपिंडांचा धोका वाढतो. लघवीच्या पट्टीवर रक्त दिसते, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी सापडत नाहीत, ही विसंगती डॉक्टरांना सावध करते. मांड्या-पोटऱ्या दाबल्यावर असह्य दुखणे, उठता-बसता न येणे ही लक्षणे असू शकतात. मात्र काहींना फारसे दुखतही नाही. काही रुग्णांत अशक्तपणाचे कारण वेगळेच, म्हणजे रक्तातील पोटॅशियम घटल्याने हातपाय लुळे पडणे, असे असते. ते योग्य उपचारांनी लवकर सुधारते. उलट स्नायू फुटल्यास पोटॅशियम वाढते आणि हृदयाची लय बिघडू शकते. म्हणूनच लघवी कमी झालेल्या रुग्णाला शहाळ्यांमागून शहाळी पाजू नयेत. त्यात पोटॅशियम भरपूर असते.

वेदनाशामके टाळावीत

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अॅस्पिरिन ही औषधे डेंग्यूत घेऊ नयेत. ती रक्तस्रावाचा धोका वाढवतात. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारखी औषधे तर आधीच कमी झालेला मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा आणखी घटवतात. ताप आला की ‘एक सुई द्या’ असा आग्रह रुग्ण स्वतःच धरतात आणि ती सुई पुष्कळदा डायक्लोफेनॅकची असते. तापासाठी पॅरासिटॅमॉल पुरे. यकृतालाही सूज येत असल्याने तेही सांगितलेल्या मात्रेतच घ्यावे.

दर चार ते सहा तासांनी लघवी होणे, हा घरी ठेवता येण्याजोगा ठोकताळा आहे. सहा तास लघवी झाली नाही, ती गडद झाली, पोट सतत दुखू लागले, उलट्या थांबेनात किंवा ग्लानी आली, तर थांबू नये. परांड्याचा रुग्ण बार्शी गाठतो, उमरग्याचा सोलापूर किंवा लातूर. असा प्रवास करावयाचा असेल, तर तो संध्याकाळी निघण्यापेक्षा सकाळीच निघालेला बरा.

उपचारांतील खरी कसोटी सलाइनची आहे. स्नायू फुटले असता मूत्रपिंडे वाचविण्यासाठी भरपूर द्रव द्यावा लागतो. परंतु डेंग्यूत तोच द्रव झिरपून फुप्फुसांभोवती साठतो. गळती थांबल्यावर तो रक्तात परत येतो आणि मूत्रपिंडे काम करीत नसतील, तर रुग्णाला श्वास घेणे कठीण होते. म्हणून लघवीचे मोजमाप आणि हिमॅटोक्रिट पाहत तासातासाने प्रमाण ठरवितात. ‘आणखी दोन बाटल्या लावा’ हा नातेवाइकांचा आग्रह येथे घातक ठरू शकतो. डायलिसिस लागलाच, तर प्लेटलेट कमी असताना तो हेपारिनशिवाय करता येतो. बहुतेक रुग्णांना तो काही दिवसच लागतो. जिल्हा रुग्णालयांच्या स्तरावर डायलिसिस उपलब्ध करून देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१६ पासून आहे.

ताप, घटलेल्या प्लेटलेट आणि बिघडलेली मूत्रपिंडे हे चित्र केवळ डेंग्यूचे नव्हे. लेप्टोस्पायरोसिस, मलेरिया आणि स्क्रब टायफस यांतही ते दिसते. या तिन्हींवर नेमकी औषधे आहेत, डेंग्यूवर नाही. म्हणून पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ आणि त्यानंतर आयजीएम ही एलायझा तपासणी करून घेणे महत्त्वाचे ठरते.

बरे झालेल्या रुग्णाने सीपीके पूर्ववत होईपर्यंत कष्टाची कामे टाळावीत आणि तीन महिन्यांनी क्रिएटिनिन व लघवीची तपासणी पुन्हा करून घ्यावी. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडांचा जुना विकार असलेल्यांनी ती त्याआधीच, डॉक्टर सांगतील तेव्हा करावी.