खापर राहिले, मांडे गेले

स्मरणिकेसाठी इतिहासावर चार ओळी लिहा, असे मला सांगण्यात आले तेव्हा राजेरजवाड्यांना बाजूस ठेवून मी भातुकलीचा विषय निवडला. कोणी म्हणेल, पोरींच्या खेळाला कसला आला इतिहास! पण कारण घडले ते असे.

गेल्या आखाजीला शेजारची दहा वर्षांची मुलगी आमच्याकडे आली होती. माळ्यावरून सामान काढताना जुने खापर खाली आले. ते पाहून तिने विचारले, "आजी, ही मातीची कढई कशाची?" मी सांगितले, "मांड्यांची." तिला मांडे ठाऊक होते, पण विकत आणलेले. माझ्या सासूबाई भिजवलेल्या गव्हाच्या पिठाचा पुरण भरलेला उंडा हातावर घेत, दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवीत आणि चुलीवरच्या उलट्या खापरावर अलगद टाकीत. ती विद्या मी शिकले नाही. त्या गेल्या, त्यांच्याबरोबर आमच्या घरचा मांडाही गेला. खापर तेवढे राहिले.

इतिहासाचेही असेच आहे. आपल्या जवळच, तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशे येथे १९५५ साली पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केले. ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर तेथे मिळाले, नक्षीच्या भांड्यांची खापरे मिळाली. त्या भांड्यांत रांधणाऱ्या बाईच्या हाताची चव मात्र कोणत्याही थरात सापडावयाची नाही. राजाचे नाणे उरते, शिलालेख उरतो. बाईचे काम रोज दुपारी ताटात पडते आणि संपून जाते.

याला एक जुना अपवाद आहे, आणि तो खेळण्याएवढाच लहान आहे. इजिप्तमध्ये मेकेत्रे नावाच्या अधिकाऱ्याचे थडगे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे. १९२० साली हर्बर्ट विन्लॉक यांना त्यातील एका बंद कोठडीत लाकडाच्या छोट्या प्रतिकृती मिळाल्या. धान्याचे कोठार, भाकरीची भटारशाळा, दळणाऱ्या बाया, पीठ मळणारे गडी, सारे हातभर उंचीच्या आत. मेलेल्याला परलोकी उपाशी राहावे लागू नये म्हणून केलेली ही योजना. पण तेव्हा भाकरी कशी होत असे, हे आज त्यावरून डोळ्यांनी पाहता येते.

आपल्याकडे भातुकली आहे. तिच्या नावातच भात आहे. पितळेची, तांब्याची, दगडाची इवली भांडी आपल्या आज्यांनी मुलींच्या हाती दिली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात घरगुती भांडी आणि खेळणी जपून ठेवलेली पाहिली की, घरातल्या वस्तूंनाही इतिहास असतो हे पटते. पण आपल्या भातुकलीची भांडी भरत ती खऱ्या खाऊने. चुरमुरे हा भात, गूळ-शेंगदाणे हे पक्वान्न. खान्देशातील गुलाबाईच्या खेळातही झाकलेली खिरापत ओळखावयाची, आणि ओळखली की खाऊन टाकावयाची. उरत काहीच नसे.

खोटे पण हुबेहूब फळ करण्याची कला मात्र सावंतवाडीने जोपासली. तेथील चितार आळीतले चितारी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची फळे कोरून अशी रंगवितात की, पाहुण्याने हात पुढे करावा.

युरोपात श्रीमंतांच्या बाहुलीघरांत जेवणही खोटेच मांडीत. १९०४ साली बिअट्रिक्स पॉटर या बाईंनी एक बालकथा लिहिली. तीत दोन उंदीर बाहुलीघरात शिरतात, ताटातले पदार्थ प्लास्टरचे निघतात, आणि रागाने ते सारे फोडून टाकतात. पुढे १९२१ ते १९२४ या काळात इंग्लंडच्या मेरी राणीसाठी एक बाहुलीघर बांधले गेले. दिल्लीतील राष्ट्रपती भवन ज्यांनी रेखाटले त्याच लुटेन्सनी ते रेखाटले. फुटाला इंच हे त्याचे प्रमाण, आणि बाहुलीघर करणाऱ्यांत आज तेच रूढ आहे.

या कामाची खरी सोय झाली ती एका नव्या मातीने. तिला माती म्हणतात एवढेच. ती मूळची प्लास्टिकच्या जातीची. जर्मनीतील प्रसिद्ध बाहुलीकार केटे क्रुझे यांची कन्या सोफी, लाडके नाव फिफी, हिने असा लगदा घरगुती हौशीसाठी तयार केला. १९६४ साली तो एबरहार्ड फाबर या कंपनीकडे गेला आणि 'फिमो' या नावाने जगभर पोहोचला. ही माती उघड्यावर वाळत नाही. मनासारखा आकार येईपर्यंत ती मऊ राहते आणि ओव्हनमध्ये साधारण ११० ते १३० अंशांवर भाजली की घट्ट होते. अधिक तापविली तर जळते व तिचा धूर बाधतो, म्हणून खिडकी उघडी ठेवावी; तिच्यासाठी वापरलेली साधने पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नयेत. ज्यांना ती महाग वाटेल त्यांनी कॉर्नफ्लोअर व पांढरा फेविकॉल मंद आचेवर घोटून, थोडे तेल घालून मळावे. हा गोळा भाजावा लागत नाही, वाऱ्यावर सुकतो.

मी दिवाळीनंतर ही माती मागविली. फुटाला इंच या मापाने नऊ इंचांची भाकरी पाऊण इंचाची होते. कळण्याची भाकरी करताना काळ्या मातीचा भाजलेला तुकडा किसून पांढुरक्या गोळ्यात मिसळला. दात घासण्याच्या जुन्या ब्रशने टोचून तिला खरखरीतपणा आला. तपकिरी खडूची पूड बोटाने लावली की भाजल्याचे डाग उठले. वांग्याचे भरीत जमले, शेवभाजीची तर्रीही जमली. अडले ते मांड्यापाशी.

कडा किती पातळ असते? पुरण आतून कुठवर जाते? डाग आधी मध्यावर पडतात की काठाला? इतकी वर्षे मांडे खाल्ले, पण मला यातले एकही उत्तर येईना. खाण्यापुरते पाहिले होते. करण्यापुरते कधी पाहिलेच नव्हते.

शेवटी ती चिमुकली चकती तळहातावर घेऊन मी आमच्या गल्लीतल्या पंच्याऐंशी वर्षांच्या आजींकडे गेले. त्यांनी चष्मा लावून ती पाहिली आणि म्हणाल्या, "हा मांडा नव्हे बाई, ही पोळी झाली." मग तोंडाने सांगणे त्यांना पुरेना. त्यांनी कणीक भिजवायला लावली आणि थरथरत्या हातांनी एक उंडा कोपरापर्यंत नेऊन दाखविला. माळ्यावरचे आमचे खापर त्या दिवशी कित्येक वर्षांनी चुलीवर चढले. शेजारची ती मुलगीही पाहावयास होती.

मला वाटते, या छोट्या कामाचा मोठा लाभ हाच. हुबेहूब करावयाचे म्हटले की विचारावे लागते, आणि विचारावयास जाण्याची वेळ अजून गेलेली नाही. पुढील वर्षी मंडळात प्रत्येकीने आपल्या घरचा एक पदार्थ या मातीत करून आणावा, आणि तो कोणाला विचारून केला त्यांचे नाव चिठ्ठीवर लिहून शेजारी ठेवावे, अशी माझी सूचना आहे.

माझा मांडा तयार आहे. रुंदी दीड इंच. चिठ्ठीवर दोन नावे आहेत: एक आजींचे, दुसरे सासूबाईंचे.