बोलता न येणाऱ्याचा कान

औरंगपुऱ्यात आमच्या लहानपणी कान ठणकणारे मूल ओळखायला डॉक्टर लागत नसे. ते कानाशी हात नेऊन रडू लागले की घरातली म्हातारी माणसे काय ते समजत. पुढे ‘काश्यपसंहिता’ वाचताना हीच खूण वेदनाध्यायात भेटली. बाळ हातांनी कानांना स्पर्श करते, डोके सारखे हलवते, बेचैन होते, त्याची झोप आणि भूक जाते. यावरून कर्णवेदना ओळखावी, असे तिथे सांगितले आहे. हेमराज शर्मा यांच्याकडील हस्तलिखितावरून ही संहिता १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात छापली गेली.

ही खूणच मिळत नाही, अशी जागा विसाव्या शतकात तयार झाली. ऑगस्ट १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ होती. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी बारा वर्षांच्या मुलीला गळ्यातल्या छेदातून नळी घालून, हाताने पिशवी दाबत श्वास दिला. पुढे शेकडो विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रुग्णांना असाच श्वास पुरवला. अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथली. आमच्या ‘घाटी’चे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ चे, म्हणजे या कल्पनेहून चारच वर्षांनी धाकटे. १९६५ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात मॅकडोनाल्ड आणि स्टॉक्स यांनी मुलांचा गळा न कापता नाकातून प्लास्टिकची नळी दिवसेंदिवस ठेवण्याची पद्धत मांडली.

तिने असंख्य जीव वाचवले. पण नाकाच्या मागेच कानाकडे जाणाऱ्या यूस्टेशियन नळीचे तोंड असते. मुलांमध्ये ही नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते. गिळताना ती उघडते आणि मध्यकर्णात हवा जाते. गुंगीच्या औषधाखालचे मूल फारसे गिळत नाही. त्यात नाकातल्या नळीने सूज येते. मग कानाच्या पडद्यामागे पाणी साचते, कधी जंतुसंसर्ग होतो. ताप चढला की रक्त, लघवी, छाती तपासली जाते. कानाकडे मात्र कानाडोळा होऊ शकतो, कारण त्याकडे जाणारे हात निपचित पडलेले असतात.

मूल वाचून घरी येते. पडद्यामागचे पाणी टिकले तर ऐकू कमी येते, आणि बोलायला शिकण्याच्या वयात ते महाग पडते. ओटोस्कोपने पडदा पाहायला फार वेळ लागत नाही. काश्यपांची खूण त्या खाटेवर मिळणार नाही. म्हणून तापाचे कारण सापडेना झाले की तिथे कान आपणहून पाहावा लागतो.