पक्षाघातानंतरचे श्वसनस्नायू आणि मूत्रनियंत्रण
पक्षाघाताने रुग्णालयात दाखल होणाऱ्यांपैकी सुमारे ४० ते ६० टक्के रुग्णांना सुरुवातीस लघवी आवरत नाही. वर्षानंतरही साधारण १५ टक्क्यांचा त्रास टिकतो. लाजेपोटी तो सांगितला जात नाही आणि श्वसनस्नायूंची दुर्बलता तर नजरेतच येत नाही. या दोहोंची तपासणी एकत्र व्हावी, याला शरीररचनेचा आधार आहे. श्वास घेताना श्वासपटल खाली सरकते, तसे ओटीपोटाच्या तळाचे स्नायूही किंचित खाली जातात; श्वास सोडताना दोन्ही वर येतात. खोकताना पोटातला दाब वाढण्याआधीच हे तळाचे स्नायू आकसून मूत्रमार्ग आवळतात. पक्षाघाताने एका बाजूचे श्वासपटल व पोटाचे स्नायू दुबळे झाले, की खोकला क्षीण होतो आणि हा मेळही बिघडू शकतो.

यावर आक्षेप असा, की मूळ बिघाड मेंदूत आहे: ललाटखंडाचा मूत्राशयावरील लगाम सुटतो, म्हणून घाईची लघवी होते. आक्षेप बराचसा खरा आहे. श्वसनस्नायूंच्या व्यायामाने श्वास ओढण्याची ताकद वाढते, याला पुरावा आहे. लघवीवरचा ताबा त्याने सुधारतो, हे सिद्ध झालेले नाही. त्यामुळे ठरावीक वेळी लघवीला नेणे, तळाच्या स्नायूंचे व्यायाम आणि गरजेनुसार औषधे यांना तो पर्याय नव्हे. मात्र गळतीचे कारण क्वचितच एकटे असते. ग्रामस्वच्छतेसाठी नावाजलेल्या काटेवाडीसारख्या (ता. बारामती) गावात घरी शौचालय असले, तरी अर्धे अंग लुळे पडलेल्याला उकिडवे बसणे जमत नाही आणि धाप लागल्याने तो वेळेत पोचत नाही. तिथे कमोडची खुर्ची आणि भिंतीवरची आधाराची दांडी हाही उपचारच ठरतो.