लशीच्या कुळातलं वासरू

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर बाळ दीड महिन्याचं झालं, की आशाताई रोटाची लस पाजायला घेऊन या म्हणून सांगून जातात. पुढचे डोस बाळ अडीच आणि साडेतीन महिन्यांचं झाल्यावर. या लशीचं कूळ शोधत गेलं, तर वाट गोठ्यात पोचते.

१९६९ साली अमेरिकेतल्या नेब्रास्कात चार्ल्स मीबस यांना हगवण लागलेल्या वासरांमध्ये एक विषाणू सापडला. १९७३ मध्ये मेलबर्नला रूथ बिशप यांनी जुलाबाने बेजार मुलांच्या आतड्यात तसाच विषाणू पाहिला. पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या थॉमस फ्लुएट यांनी दोघांचं नातं दाखवलं आणि चाकासारख्या आकारावरून त्याला ‘रोटा’ हे नाव सुचवलं. दोन्हीकडे खोड एकच: लहान आतड्यातल्या, अन्नपाणी शोषणाऱ्या पेशी तो मारतो आणि अंगातलं पाणी वाहून जातं.

नातं किती जवळचं, हे जनुकांनी सांगितलं. रोटाची जनुकं ११ सुट्या तुकड्यांत असतात. एकाच पेशीत दोन वाण शिरले, की पत्त्यांचे दोन जोड एकत्र पिसावेत तसे तुकडे मिसळतात. आवरणावरच्या दोन प्रथिनांवरून वाणाला ‘जी’ आणि ‘पी’ क्रमांक मिळतात. भारतातल्या वासरांत जी ६, जी १० आणि पी ११ नेहमी आढळतात. १९८०च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांत ‘११६ई’ हा वाण सापडला. त्याचा एक तुकडा गुरांच्या विषाणूचा होता, पण बाळांना त्याचा त्रास नव्हता. त्यातूनच रोटाव्हॅक ही लस घडली.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या रोटासिलमध्ये हिशेब उलटा आहे. तिच्यातल्या पाचही वाणांत १० तुकडे वासराच्या विषाणूचे; फक्त ‘जी’ प्रथिनाचा तुकडा माणसाच्या विषाणूचा. वासराचा विषाणू माणसाच्या आतड्यात फारसा माजत नाही, आणि शरीर माणसाच्या रोटाचं ‘जी’ प्रथिन ओळखायला शिकतं. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली.

प्रयोगशाळेने जाणूनबुजून केलेली ही सरमिसळ निसर्गात आपोआप होऊ शकते. पौष पौर्णिमेपासून मुरबाड तालुक्यातल्या म्हसा इथल्या यात्रेत दूरदूरची गुरं एकत्र येतात. गावात गोठा आणि ओसरी यांत अनेकदा एका भिंतीचंच अंतर असतं. म्हणून हगवणीच्या वासराच्या शेणातला वाण तपासणं हे मुलांच्या आरोग्याचंही काम आहे.

मुलांना लस मिळाली. आपल्याकडच्या गोठ्यात वासराचा पहिला आधार अजून चीकच. त्यातली प्रतिपिंडं रक्तात शोषून घेण्याची आतड्याची क्षमता जन्मानंतर दिवसभरात संपते. पुढचे काही दिवस पोटात जाणारा चीक आतड्यातच विषाणूला अडवतो. तेव्हा खरवसाचं पातेलं चुलीवर चढवण्याआधी वासराचं पोट भरलंय ना, हे पाहावं.