केसपेपरची गोष्ट

एका शाळेत प्रत्येक शिक्षकाची स्वतःची एक जाड वही आहे, अशी कल्पना करू. आज ज्या मुलांना तपासले त्यांची नोंद आजच्या तारखेखाली, उद्याच्यांची उद्याच्या तारखेखाली. गणिताच्या बाईंची वही वेगळी, मराठीच्या सरांची वेगळी. पालक येऊन विचारतात, "आमच्या मुलीचं कसं चाललंय?" उत्तर द्यायचे तर सात वह्या उलटून मुलीचे नाव कुठे कुठे आले आहे ते शोधायला हवे. वहीत माहिती भरपूर आहे, पण ती शिक्षकाच्या दिवसाची आहे, मुलीची नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चांगल्या चांगल्या रुग्णालयांतही नोंदी अशाच असत. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर गावी मेयो बंधूंचा दवाखाना तेव्हाही नावाजलेला होता. तिथेही प्रत्येक डॉक्टर स्वतःच्या वहीत लिही. हेन्री प्लमर हे थायरॉइड ग्रंथीच्या विकारांचे अभ्यासक १९०१ साली तिथे रुजू झाले. यंत्रे आणि व्यवस्था यांचा त्यांना भारी नाद. १९०७ साली त्यांनी ही पद्धत मोडली. दवाखान्यात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला एक क्रमांक, त्या क्रमांकाची एकच फाईल, आणि कोणत्याही डॉक्टरने लिहिलेला कागद त्याच फाईलमध्ये. पुढे १९१४ साली नवी इमारत झाली तेव्हा या फायली खोलीतून खोलीत पोचवायची यांत्रिक सोयही त्यांनी करून घेतली. आज आपल्याला यात विशेष काही वाटत नाही. पण नोंद डॉक्टरच्या नावाने न ठेवता रुग्णाच्या नावाने ठेवायची, ही कल्पना संगणकापेक्षा मोठी होती असे आमचे मत आहे. संगणकाने पुढे जे केले ते याच पायावर केले.

एक फाईल झाली, तरी फाईलच्या पोटात गोंधळ तसाच राहिला. प्रयोगशाळेचे कागद एका गठ्ठ्यात, परिचारिकांचे दुसऱ्या, क्ष-किरण अहवाल तिसऱ्या. म्हणजे कागद कुठून आला त्यावरून त्याची जागा ठरे, कशासाठी आला त्यावरून नाही. इथे आपल्या गोष्टीत लॉरेन्स वीड येतात.

वीड यांचा जन्म १९२३ चा. १९४७ साली ते डॉक्टर झाले, पण पुढे बरीच वर्षे जीवरसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवांचे आनुवंशशास्त्र यांत संशोधन करत राहिले. १९५६ साली मेन राज्यातल्या बँगोर गावच्या रुग्णालयात नवशिक्या डॉक्टरांना शिकवण्याचे काम त्यांच्याकडे आले. प्रयोगशाळेतून वॉर्डात आलेल्या या माणसाला एक विसंगती खटकली. संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याची वही आपण किती कसून तपासतो! प्रश्न काय होता, काय मोजले, त्यावरून काय निष्कर्ष काढला, पुढचा प्रयोग कोणता, हे सारे त्यात दिसावे लागते. तोच विद्यार्थी वॉर्डात जिवंत माणसाबद्दल लिहितो तेव्हा मात्र "प्रकृती ठीक, औषध चालू" एवढ्यावर भागते. कुणी काही विचारत नाही. (आम्ही प्रयोगशाळेत काम करणारे, त्यामुळे ही तुलना वाचून आम्हाला थोडे बरे वाटते हे कबूल केले पाहिजे. आमच्या वह्याही सगळ्या तशा आदर्श नसतात, हा भाग वेगळा.)

वीड यांनी सुचवलेला उपाय वरवर पाहता अगदी साधा होता. फाईलच्या पहिल्या पानावर रुग्णाच्या समस्यांची क्रमवार यादी करायची. समजा, साठीच्या एक बाई पायाच्या जखमेसाठी दाखल झाल्या. यादी अशी होईल : १. उजव्या पायाला न भरणारी जखम. २. मधुमेह. ३. जिना चढताना दम लागणे. ४. घरी एकट्याच, इंजेक्शन देणारे कुणी नाही. शल्यचिकित्सक पहिल्या क्रमांकाकडेच पाहणार हे उघड आहे. पण बाई घरी गेल्यावर जखम भरेल की नाही, हे चौथ्या क्रमांकावर ठरू शकते. तो यादीत नसेल तर त्याची आठवण कुणाला राहणार? म्हणून वीड यांच्या यादीत घरच्या आणि मनाच्या अडचणींनाही जागा होती.

दुसरा नियम त्याहून कडक. जेवढे खात्रीने कळले आहे तेवढेच यादीत लिहायचे. दम लागतो हे दिसले तर "दम लागणे" लिहा. "हृदयविकार असावा" असा तर्क यादीत नको. निदान पक्के झाले की नोंद बदला. शिवाय रोजची प्रत्येक नोंद यादीतल्या कोणत्या तरी क्रमांकाखाली आणि चार भागांत हवी : रुग्ण काय सांगतो, तपासणीत काय आढळले, त्यावरून डॉक्टरला काय वाटते आणि पुढे काय करायचे. वाचणाऱ्याला डॉक्टरचा विचार पायरी पायरीने दिसतो आणि चुकला असेल तर कुठे चुकला हेही दिसते. मार्गदर्शन करणारी आणि शिकवणारी नोंद, अशा आशयाच्या शीर्षकाचा त्यांचा लेख १९६८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' मध्ये दोन भागांत आला. चार भागांची ही नोंद आज जगभरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवली जाते. यादीचे मात्र तितके चांगले झाले नाही. ती करतात, पण अद्ययावत ठेवणे मागे पडते.

याच सुमारास संगणक रुग्णालयात शिरत होता. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ऑक्टो बार्नेट यांच्या प्रयोगशाळेने १९६६-६७ मध्ये खास रुग्णालयासाठी 'मम्प्स' ही संगणकभाषा तयार केली. गालगुंडाचे इंग्रजी नाव तिला कुणी दिले ते गमतीनेच दिले असावे! तिच्यावर उभारलेल्या प्रणाली अजून अनेक मोठ्या रुग्णालयांत चालू आहेत.

वीड १९६९ साली व्हरमाँट विद्यापीठात गेले आणि १९७१ मध्ये तिथल्या रुग्णालयातल्या स्त्रीरोग वॉर्डात त्यांची 'प्रॉमिस' ही प्रणाली सुरू झाली. डॉक्टर आणि परिचारिका पडद्याला बोट लावून पर्याय निवडत. होय, १९७१ साली! प्रत्येक समस्येसाठी काय विचारावे, काय तपासावे हे पडदा पुढे ठेवी आणि मधली पायरी गाळणे अवघड असे. अडचण तिथेच आली. अनुभवी डॉक्टरला पडद्यामागून पडदे ओलांडणे जाच वाटू लागले. सरकारी अनुदान आटले आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हे काम थांबले. आमच्या मते डॉक्टरांची तक्रार निराधार नव्हती. पण तिच्यात एक गृहीतक लपलेले होते : चांगला डॉक्टर काही विसरत नाही.

हे गृहीतक इंडियानापोलिसच्या रिगनस्ट्रीफ संस्थेतल्या क्लेम मॅकडोनाल्ड यांनी तपासून पाहिले. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात नऊ डॉक्टर होते. रुग्णाच्या नोंदीवरून एखादी गोष्ट करायला हवी असे दिसले की संगणक तशी आठवणीची चिठ्ठी छापी. प्रत्येक डॉक्टरला काही काळ चिठ्ठी मिळे, काही काळ नाही. चिठ्ठी असताना डॉक्टरांनी ५१ टक्के प्रसंगी योग्य ती कृती केली, नसताना २२ टक्के. अज्ञान हे कारण असते तर चिठ्ठ्या वाचून डॉक्टर शिकले असते आणि पुढे त्यांची गरज उरली नसती. तसे झाले नाही. प्रशिक्षणाची वर्षे जास्त असल्यानेही फरक पडला नाही. डॉक्टरला ठाऊक होते, पण गर्दीत सुचले नाही. हा प्रयोग वर्गात सांगण्याजोगा आहे, कारण त्याच लोकांची त्याच लोकांशी तुलना कशी करावी ते त्यात स्पष्ट दिसते.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला बोस्टनमध्ये परिचारिका कॅरन झँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक पाऊल टाकले. अभियंते मोठे प्रकल्प उभारताना कोणते काम कोणत्या कामाआधी व्हायला हवे याचा आराखडा करतात. ड्युपाँट कंपनीत १९५७ च्या सुमारास रुळलेली ही रीत त्यांनी रुग्णाच्या मुक्कामाला लावली. पहिल्या दिवशी काय, तिसऱ्या दिवशी काय, घरी कधी, हे आधीच कागदावर मांडले आणि आराखडा का चुकला तेही नोंदवले. ही कल्पना डॉक्टरांकडून नव्हे, तर परिचारिकांकडून आली. रुग्णाचा संपूर्ण दिवस त्याच पाहतात.

एवढ्या साऱ्यात रुग्णाने स्वतः नोंद वाचावी हे फार थोड्यांना सुचले होते. १९७३ साली शेंकिन आणि वॉर्नर यांनी नोंदीची प्रत रुग्णालाच द्यावी असे सुचवले, तर १९७५ साली वीड यांनी सामान्य माणसासाठी पुस्तक लिहून स्वतःची नोंद स्वतः ठेवायला सांगितले. मोठ्या प्रमाणावर प्रयोग व्हायला २०१० साल उजाडले. अमेरिकेत तीन ठिकाणच्या शंभराहून अधिक डॉक्टरांनी आपल्या नोंदी संगणकावर रुग्णांना खुल्या केल्या. रुग्ण घाबरतील, प्रश्न विचारून हैराण करतील अशी डॉक्टरांना धास्ती होती. वर्षभरानंतर उत्तरे देणाऱ्या रुग्णांपैकी ९९ टक्क्यांनी हे चालू ठेवा म्हटले आणि एकाही डॉक्टरने बंद करण्याची निवड केली नाही. एप्रिल २०२१ पासून तिथे अशा नोंदी रुग्णाला खुल्या करणे नियमाने बंधनकारक झाले आहे.

आपल्याकडची परिस्थिती उलटीच आहे. इथे बाह्यरुग्णाचे कागद रुग्णच प्लास्टिकच्या पिशवीत घालून हिंडवतो. पण दाखल झालेल्या रुग्णाची फाईल रुग्णालयाच्या कपाटात आणि तिची प्रत मागितली की 'गोपनीय आहे' असे उत्तर मिळे. गुपित रुग्णाचे आणि ते रुग्णापासूनच राखायचे! मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ साली हा बचाव फेटाळला. २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमावलीत मागणी झाल्यापासून ७२ तासांत कागद द्यावेत आणि दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपाव्यात असे आले.

सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. 'आभा' हा चौदा अंकी क्रमांक म्हणजे प्लमर यांच्या क्रमांकाचेच मोठे रूप : एका दवाखान्याऐवजी साऱ्या देशासाठी एक माणूस, एक क्रमांक. नोंद जिथे तयार झाली तिथेच राहते आणि रुग्णाने संमती दिली तर दुसऱ्या डॉक्टरला दिसते. मात्र जोडलेल्या कागदांत नुसती स्कॅन केलेली चित्रेही असतात. दहा दवाखान्यांचे चाळीस कागद फोनवर तारखेनुसार एकाखाली एक दिसतात. त्या बाईंच्या यादीतला चौथा क्रमांक त्यांपैकी कोणत्या कागदावर आहे, ते अजून एकेक उघडूनच पाहावे लागते.